मारोतरावांच्या धुऱ्यावरची खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे. बाभळीची, दीड हात लांब, खालून टोकदार आणि वरून लाल-पांढऱ्या रंगाची. रंगाचे आता पोपडे निघाले आहेत. घणाचे घाव खाऊन खाऊन डोक्याचा पार कुंचा झाला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. आम्ही तुमची किती सेवा केली आणि तुम्ही आम्हाला कसे अडगळीत टाकले, हे त्या डोळ्यांत पाणी आणून सांगतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला माणसांचा राग आहे. कोणाचा किती, ते सांगते.

माझा जन्म केनवडचा. तिथे बाजाराच्या मागच्या अंगाला एका सुताराचे छप्पर आहे. वखरासाठी बाभूळ तासताना जे लाकूड उरले, त्यातून त्याने पन्नास खुंट्या काढल्या. बिचाऱ्याला वाटले, कोणी तरी शेळ्या बांधायला नेईल. मलाही तेच वाटले होते. गोठ्यात राहावे, वासराने अंग घासावे, एवढीच माझी हौस होती. पण रस्त्याच्या कंपनीची जीप आली आणि आमची मोळी बांधून घेऊन गेली. पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांनी आम्हाला उलटे धरून रंगाच्या डब्यात बुचकळले. सुकल्यावर आम्ही इतक्या नटव्या दिसत होतो की माझी मलाच लाज वाटली.

माझे पहिले काम इंझोरीच्या पुढे, मारोतरावांच्या वावरात. मारोतराव म्हणजे साठीचा, काटक, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि धुऱ्यावर उभे राहून बोलला तरी गावात ऐकू जाणारा शेतकरी. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा वीतभर सरकला तर सख्खे भाऊ तोंड पाहत नाहीत. अशा माणसाच्या उभ्या कपाशीत मोजणीवाल्याने मला ठोकले. मारोतराव धावत आले.

"काय ठोकून राह्यले बाप्पा माह्या वावरात?"

"मोजणी आहे काका," मोजणीवाला म्हणाला. "फक्त मोजणी."

मारोतरावांचा विश्वास बसला. त्यांनी त्या माणसाला आपल्या गडव्यातले पाणी दिले. सहा महिन्यांनी त्याच रेषेवरून रस्ता आला. काळ्या मातीचा अर्धा तुकडा गेला आणि त्यातली विहीरही गेली. सरकारने मोबदला दिला, मी नाही म्हणत नाही. पण विहीर गेल्यावर उरलेल्या तुकड्याला पाणी कुठून आणायचे, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते. त्या दिवशी मारोतरावांनी मला उपटले आणि दगडावर आपटले. माझ्या कुशीचा ढलपा उडाला. ती खाच आजही आहे. मला फार लागले, पण खरे सांगते, त्यांचा राग आला नाही. राग आला तो मोजणीवाल्याचा. त्याने मला पुन्हा उचलले, झटकले आणि जीपमध्ये टाकले. कंपनीत रस्त्यासाठी डोंगर फोडतील, पण एक खुंटी वाया घालवणार नाहीत.

दुसऱ्या वर्षी मला पुन्हा बाहेर काढले. या वेळी शेतात नाही, माळावर. मारोतरावांच्या उरलेल्या तुकड्याला लागूनच सरकारी चराईचा माळ आहे. लोक त्याला ई-क्लास म्हणतात. पावसाळ्यात तिथे कमरेइतके गवत होते. रस्त्याच्या भरावाला मुरूम हवा होता आणि माळाच्या पोटात मुरूमच मुरूम. पण त्याच माळावर तणमोर होता.

तुमच्यापैकी किती जणांनी तणमोर पाहिला आहे? हात खाली करा, मला ठाऊक आहे. कोंबडीपेक्षा थोडा मोठा पक्षी. एरवी गवतात असा दडून राहतो की शेजारून बकरी गेली तरी कळत नाही. श्रावणात मात्र नराला काय होते कोण जाणे, तो गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवतो, घशातून बेडकासारखा टर्र आवाज काढतो आणि धप्प खाली येतो. दिवसातून शेकडो वेळा. हे सारे कशासाठी, तर कुठे तरी गवतात बसलेल्या मातकट रंगाच्या मादीने एकदा पाहावे म्हणून. असे पक्षी आता देशातच मोजके उरले आहेत. आमच्या माळावर त्या साली एकच मादी होती.

म्हणून कंपनीला अट घातली होती. घरटे सापडले तर त्याच्या चहूबाजूंनी शंभर पावले राखायची आणि पिल्ले निघून जाईपर्यंत आत यंत्र न्यायचे नाही. ही अट पाळली जाते की नाही ते बघायला कंपनीनेच एक मुलगी ठेवली होती. कामरगावच्या गोविंदा मास्तरांची स्नेहा. प्राण्यांचे शास्त्र शिकलेली, चोवीस वर्षांची, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण आणि अंगावर कंपनीचे पिवळे जॅकेट. तीन दिवस ती ओल्या गवतात पालथी पडून राहिली, तेव्हा तिला घरटे दिसले. घरटे म्हणजे काय, उघडी जमीन, वाकलेल्या दोन काड्या आणि त्यांच्याआड चार अंडी.

स्नेहाने वीस खुंट्या मागून घेतल्या आणि गोल आखला. तीन बाजूंना शंभर पावले ठेवली. मारोतरावांच्या बाजूला मात्र पन्नासच ठेवता आली, कारण पुढे त्यांचा धुरा लागत होता. मी नेमकी धुऱ्याजवळ आले. आत मुरुमावर गवत, बाहेर मारोतरावांचे सोयाबीन आणि मध्ये मी.

तिथल्या कोणालाही आम्ही नको होतो. साइटचे साहेब जीपमधून उतरायचे नाहीत, काच खाली करून म्हणायचे, "एका कोंबडीपायी माझा रस्ता अडला!" मजुरांनी स्नेहाचे नाव कोंबडीवाली मॅडम पाडले. सेवादास नावाचा तांड्यावरचा माणूस पोकलेन चालवायचा. चांगला मुरूम गोलात आणि आपण मातीत बोंबलतोय, याची त्याला चीड होती. एकदा त्याने मुद्दाम पोकलेनचा पट्टा पाच नंबरच्या खुंटीवरून नेला. तिचे दोन तुकडे झाले. स्नेहा यंत्रासमोर जाऊन उभी राहिली आणि नंतर तिने वर कळवले. सेवादासला आठ दिवस घरी बसवले. परत आला तेव्हा तो तिच्याशी एवढेच बोलला. "आता खुंटी म्हनन थेच करीन म्या, मॅडम. बोटभर इकडं नाई, बोटभर तिकडं नाई."

मला वाटले, बरे झाले. इतक्या दिवसांत निदान एक माणूस तरी आमचे ऐकणार.

आता मी तुम्हाला ती गोष्ट सांगते जिच्यामुळे माझे डोके फिरले आहे. स्नेहाच्या शास्त्रात एक नियम आहे. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे कुठे आहे ते कोणालाही सांगायचे नाही. एकाला सांगितले की दहांना कळते आणि दहांत एक फासे लावणारा असतो. नियम चुकीचा नाही. पण मला धुऱ्याजवळ ठोकत असताना मारोतराव तिथे आले.

"काय वं पोरी, काय ठोकून राह्यली?"

स्नेहाने मान वर केली नाही. घण मारता मारता म्हणाली, "मोजणी आहे काका. फक्त मोजणी."

 मारोतराव वाकले. माझ्या कुशीतल्या खाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मग म्हणाले, "हे खुंटी म्या वयखतो. इनं माही हीर खाल्ली."

"तुमच्या जमिनीचा काही संबंध नाही, काका. ही सरकारी जागा आहे."

"मांगं बी संबंध नोयता," मारोतराव म्हणाले आणि निघून गेले.

स्नेहाला वाटले, खडूस म्हातारा आहे. ती सकाळी दुर्बीण लावून बसायची आणि नऊ वाजता कॅम्पवर जायची. संध्याकाळी काय व्हायचे ते तिला माहीत नव्हते, मला होते. संध्याकाळी मारोतराव धुऱ्यावर येऊन उभे राहायचे आणि तणमोराच्या उड्या बघायचे. धुऱ्यावरचे गवत त्यांनी कापले नव्हते, कारण पक्षी कधी कधी तिथवर यायचा. बायको गोजराबाई वैरणीसाठी ओरडायची, तर म्हणायचे, "राहू दे वं, त्याचे बी नाचाचे दिवस हायेत." एका संध्याकाळी दोन माणसे जाळे घेऊन माळात शिरली. मारोतराव काठी घेऊन त्यांच्यामागे नाल्यापर्यंत पळाले. "माह्या धुऱ्यावरच्या पाखराले हात लावसान तं तंगडं तोडीन," असे ओरडलेले मी या कानांनी ऐकले. खुंटीला कान नसतात असे तुम्ही म्हणाल. म्हणा.

म्हणजे बघा. ज्याच्यापासून स्नेहाने घरटे लपवले, तो त्या माळाचा एकमेव राखणदार होता. आणि ज्या मुलीचा मारोतरावांना राग होता, ती त्यांच्याच पाखरासाठी चिखलात लोळत होती. दोघेही माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून एकमेकांना शिव्या घालायचे, एक तोंडाने आणि दुसरी मनात. मारोतरावांच्या लेखी पिवळे जॅकेट म्हणजे कंपनी, दुर्बीण म्हणजे मोजणीचे यंत्र आणि मी म्हणजे जमीन जाणार.

मग एका सोमवारी दुपारी पाऊस उघडला होता. माळावर कोणी माणूस नव्हता. मारोतराव आले आणि त्यांनी धुऱ्याकडच्या आम्हा सात खुंट्या उपटल्या. रागारागाने फेकून दिल्या असत्या तर किती बरे झाले असते! कोणाच्या तरी लक्षात आले असते. पण ते जन्मभर धुरे राखलेले शेतकरी. त्यांनी आम्हाला आपल्या शेतापासून लांब, ऐंशी पावले आत नेले आणि डोळ्याने ओळ धरून पुन्हा ठोकले. जुनी भोके पायाने बुजवली. आखणी इतकी सरळ झाली की मोजणीवाल्याला जमली नसती. जाताना मला म्हणाले, "रोड न्याचा तं तिकून ने."

घरट्यावर मादी बसली होती. ती आता आमच्या पाठीशी नव्हती, समोर होती. आमच्या आणि धुऱ्याच्या मध्ये, उघड्यावर. मी तिच्याकडे बघत रात्र काढली.

मंगळवारी सकाळी मारोतराव फवारणीचा पंप दुरुस्त करायला कामरगावला गेले. स्नेहाला साहेबांनी कॅम्पवर बोलावून घेतले होते, कारण मोठे पाहुणे यायचे होते आणि कंपनी वन्यजीवांची किती काळजी घेते ते फोटो दाखवून सांगायचे होते. त्या फोटोंत मीही होते म्हणे. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

इकडे सेवादासने धुऱ्याकडे पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. तिकडचा मुरूम सगळ्यात चांगला, आणि आज तो गोलाच्या बाहेर होता. तरी तो घाईत शिरला नाही, हे मी देवाशपथ सांगेन. त्याने यंत्र थांबवले आणि खाली उतरून आम्हा सातही जणींजवळ चालत आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. साहेबांना फोन लावला. "सायेब, मॅडमनं खुंट्या मांगं घेतल्या वाट्टे. घेऊ काय धुऱ्याकडून?" तिकडून होकार आला. मग त्याने माझ्यापासून एक हात जागा सोडली, फावड्याने रेघ ओढली आणि रेघेच्या बाहेर बकेट टाकली.

तणमोराची मादी अंड्यांवरून उठत नाही. शेवटपर्यंत अंग चोरून बसते, कारण हजारो वर्षे तेच पुरले आहे. बकेट चार हातांवर आली तेव्हा ती उडाली. सेवादासला वाटले, तितर उडाला. पुढची बकेट गवतासकट, मातीसकट आणि त्या चार अंड्यांसकट उचलली गेली आणि टिपरमध्ये रिती झाली. टिपर भरल्यावर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि तो रस्त्याच्या भरावाकडे गेला.

स्नेहा दुपारी स्कूटीवरून आली. तिने स्कूटी स्टँडवर लावली नाही, तशीच आडवी टाकली. धावत येऊन तिने सेवादासला खाली ओढले.

"काय केलंस तू? काय केलंस हे?"

"म्या काय केलं? खुंटी पाहा. एक हात सोडून हाय म्या." सेवादास तिला माझ्याजवळ घेऊन आला. "मोजा, मोजा ना. आठ दिवस घरी बसोलं तुमी मले. या डावी म्या आइकलं, तरी माह्यावरच?"

स्नेहाने पावले मोजली. धुऱ्यावर जाऊन तिने पायाने माती उकरली, तर बुजवलेले भोक निघाले. तेवढ्यात खांद्यावर पंप घेऊन मारोतराव आले. धुऱ्याला खेटून पडलेला खड्डा पाहून ते आधीच पेटले होते.

"माह्या धुऱ्यापाशी मशीन कोनं आनली?"

"खुंट्या कोनं हलोल्या?" स्नेहा ओरडली. तिची शिकलेली भाषा कुठच्या कुठे गेली होती.

"म्या हलोल्या!" मारोतरावांनी छातीवर हात मारला. "एक डाव फसलो, दोन डाव नाई फसत. माह्या वावराले खेटून ठोकल्या त्या, उद्या आत घातल्या असत्या."

"तनमोराचे अंडे होते काका इथं! चार अंडे! त्याइच्यासाठी होत्या खुंट्या. आठ दिवस राह्यलते फक्त, आठ दिवस!"

मारोतरावांनी पंप खाली ठेवला.  खड्ड्याकडे बघत ते म्हणाले, "आन् तू मले मोजनी म्हनली."

"कोणाला सांगायचं नसतं. तसा नियम आहे."

"नियम!" ते खड्ड्यात थुंकले. "फासेवाले आलते इथं जायं घेऊन. नाल्यालोक हाकलले म्या. तवा तुहा नियम कुठी होता? मले एक शबूद सांगतला असता तं इथं बाज टाकून बसलो असतो पोरी, रात्रंदिवस. तुले कंपनीचा पोकलेनवाला भरोशाचा वाटला, अन् म्या चोर?"

"अन् तुमी?" स्नेहा रडत होती, पण मागे हटली नाही. "तुमी इचारलं काय एक डाव तरी? उपटताना आत पाह्यलं काय, काय हाय म्हनून? तुमाले फक्त तुमचा धुरा दिसला!"

कोणी कोणाची माफी मागितली नाही. सेवादास तिथेच रेघेवर बसून होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "माह्यावर लिहू नका मॅडम. म्या आइकलं या डावी."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुंट्या जागेवर होत्या, यंत्र खुंट्यांच्या बाहेर होते, फोटो जोडलेले होते. त्यांनी कागदावर लिहिले की सर्व काम नियमानुसार झाले. स्नेहाने वेगळे पत्र लिहिले. त्याचे काय झाले ते मला कळलेले नाही आणि तिलाही नाही. मादी परत आली नाही. नराच्या उड्या आणखी चार दिवस चालल्या. खड्ड्याच्या काठावरून तो उडी मारायचा, टर्र करायचा, खाली यायचा, थोडा थांबायचा आणि पुन्हा उडी मारायचा. पाचव्या दिवशी तो दिसला नाही. पोळ्याच्या पावसात खड्ड्याची कड ढासळली आणि मारोतरावांचा धुरा सोयाबीनच्या दोन ओळींसकट आत गेला. या खेपेला ते ओरडलेसुद्धा नाहीत.

स्नेहा अजूनही सकाळी येते. दुर्बीण गळ्यातच असते, डोळ्यांना लावत नाही. मारोतराव धुऱ्याच्या तुटलेल्या कडेवरून तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "काय मोजून राह्यली वं आता?"  ती उठून जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीने शेवटी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या असतात. मी एकच सांगते आणि रागानेच सांगते. उद्या तुम्ही इंजिनियर व्हाल, पाखरे राखणारे व्हाल, शेत तर पुष्कळांच्या घरी असेलच. खुंटी ठोकाल तर ज्याच्या धुऱ्याशी ठोकता त्याला खरे काय ते सांगा. आणि उपटणार असाल तर आधी ती कशासाठी ठोकली ते विचारा. मला तोंड नाही. मला जिथे ठोकाल तिथून मी तेवढेच म्हणते, इथून पुढे येऊ नका.

तेच मी आजही म्हणते आहे. हंगाम संपेपर्यंत खुंट्या हलवू नयेत असा आता लेखी आदेश आहे, त्यामुळे मारोतरावांनी ठोकले तिथेच मी उभी आहे. सेवादास रोज सकाळी यंत्र घेऊन येतो, माझ्यापासून एक हातावर थांबतो आणि वळतो. टिपरवालेही मला वळसा घालून जातात. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. माझ्या मागे कमरेइतके गवत आहे. त्याला कोणी हात लावत नाही. त्यात कोणी नाही.